पांढरी बेटं : वाळवा तालुक्यातल्या एका खोडव्याचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठापासून थोडं आत, आमच्या तात्यांचं एक एकराचं रान आहे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. जमीन काळी, खोल, चुनखडीचे खडे मिसळलेली. विहीर बांधालाच. साडेचार फुटी ४४ सऱ्या. त्या रानातला सुरूचा, म्हणजे हिवाळ्यात लावलेला, ऊस जानेवारीत तुटला, तात्यांनी खोडवा राखला, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस ठेवला, आणि मार्चच्या शेवटी त्यांचा फोन आला.

"केवडा लई पडलाय. दोन डाव फवारलं, हटंना. येऊन बघ की जरा."

मी शेतीचं शिकलोय आणि ठिबकच्या कामानिमित्त तालुकाभर फिरतो, त्यामुळं असे फोन येतात. पुढं जे निघालं ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण एकाच एकरात रोग कसा आला, कुठून आला आणि पुढं कसा सरकला, हे सगळं इतकं स्पष्ट मांडलेलं मला आधी कधी बघायला मिळालं नव्हतं. अशी रानं आपल्याकडं गावोगाव आहेत.

सकाळी सातला आम्ही सरीत उतरलो. लांबून बघितलं तर हिरव्या खोडव्यात जागोजागी पांढुरके ठिपके. जवळ जाऊन एका बेटाशी, म्हणजे एका बुडख्यातून फुटलेल्या झुबक्याशी, बसलो. त्यात ऊस म्हणावा असा एकही कोंब नव्हता. बुडख्यातून गवतासारखे बारीक फुटवे दाटीनं वर आलेले, पेन्सिलीपेक्षाही बारीक, पानं अरुंद आणि दुधासारखी पांढरी. मोजायला लागलो तर सत्तरच्या पुढं गेल्यावर बोटं अडखळायला लागली. एक फुटवा उपटला, तो सहज हातात आला. मऊ, बेचव, आत कांडं धरलेलंच नाही. आणि त्याच सरीत, हातभर अंतरावर, दुसरं बेट होतं. आठ-दहा फुटवे, अंगठ्याएवढे जाड, काळोखी धरलेला हिरवा रंग.

तात्यांचा केवड्याचा, म्हणजे लोह कमी पडून पानं पिवळी पडण्याचा, अंदाज चुकीचा का ठरला, ते आधी सांगतो, कारण ही चूक फार जणांची होते आणि तीच महागात पडते. चुनखडीच्या रानात लोह असूनही पिकाला मिळत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात. पण त्या केवड्यात पानाच्या शिरा हिरव्या राहतात. पान उन्हाकडं धरलं की हिरव्या-पिवळ्या रेघा दिसतात. फुटव्यांची संख्या वाढत नाही, आणि केवडा पट्ट्यात येतो: जिथं चुनखड जास्त, तिथला सगळा तुकडाच पिवळा. इथं पानावर रेघ नव्हती, सगळं पान एकसारखं पांढरं होतं. माती तीच, पाणी तेच, खत तेच, आणि एक बेट पांढरं तर शेजारचं हिरवंगार. अन्नद्रव्य कमी पडलं तर ते असं एक घर सोडून एक घर निवडत नाही. शिवाय तात्यांनी अर्धा टक्का फेरस सल्फेट दोनदा मारलं होतं. रानाच्या वरच्या टोकाला खरोखरीचा केवडा होता, तो तुकडा हिरवा झाला होता. ही बेटं मात्र होती तशीच. म्हणजे नकळत तात्यांनीच चाचणी करून ठेवली होती, निकाल फक्त वाचायचा राहिला होता.

हा रोग गवताळ वाढीचा. तो होतो फायटोप्लाझ्मामुळं. हा एक प्रकारचा जिवाणूच, पण त्याला पेशीभित्तिका नसते आणि तो झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतच राहतो. १९६७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तुतीसारख्या झाडांत या जातीचे जीव पहिल्यांदा पाहिले. तोपर्यंत असले रोग विषाणूंचे समजले जायचे. प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीनं खात्री करता येते. आम्ही ती केली नाही, लक्षणं इतकी उघड होती. शेतकऱ्याच्या दृष्टीनं यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: हा जीव उसाच्या आत, नळ्यांत बसलेला असतो. त्यामुळं उभ्या पिकातल्या रोगी बेटावर काहीही फवारलं तरी ते बरं होत नाही. त्या बेटाचा गाळपाला जाणारा ऊस होत नाही.

हे ऐकल्यावर तात्या थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "रोपवाल्यानं घात केला बघ."

त्याचं कारण होतं. मागच्या वर्षी जानेवारीत लागण केली, म्हणजे ऊस लावला, तेव्हा थंडीनं उगवण कमी झाली होती आणि नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला एका रोपवाटिकेतून ट्रेमधली चारेकशे रोपं आणली होती. पैसे मोजून आणलेली वस्तू तेवढीच, म्हणून संशय तिच्यावर. बाकीचं बेणं, म्हणजे लावायला तोडलेला ऊस, घरचं, म्हणजे पाहुण्यांकडचं. पलूस तालुक्यातल्या तात्यांच्या दाजींनी दिलेलं, को ८६०३२ या जातीचं. दाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी बेण्याचा एक रुपयाही घेतला नव्हता. भरलेल्या ट्रॉलीबरोबर जेवायचा डबाही दिला होता.

मी म्हटलं, "तात्या, कुणाला बोल लावायच्या आधी रान मोजू या."

मला हे प्रकरण ज्यासाठी लिहावंसं वाटलं, ते इथं सुरू होतं. चौकोनी रेघांची वही घेतली, पानं चिकटवली, ४४ उभ्या रेघा मारल्या. चुलतभाऊ सरीतून पावलं मोजत चालला, पांढरं बेट आलं की पाऊल ओरडून सांगायचा, मी लाल ठिपका द्यायचो. दुपारी दीडपर्यंत २८७ ठिपके झाले. साधारण शंभर बेटांत सहा. मागच्या साली लागणीत अशी पंधरा-वीसच बेटं होती, असं तात्या म्हणाले. तेव्हाही त्यांना तो केवडाच वाटला होता.

कागद विहिरीच्या कट्ट्यावर पसरला आणि पहिली गोष्ट दिसली ती ही की नांग्या जिथं भरल्या होत्या, त्या खालच्या टोकाच्या आठ सऱ्यांत लाल ठिपके जवळजवळ नव्हतेच. रोपं दोषी असती तर तिथंच गर्दी दिसायला हवी होती.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी. ठिपके सुटेसुटे नव्हते. ते एकाच सरीत ओळीनं होते: तीन, मग मोकळं, मग चार, एका ठिकाणी सलग सहा. शेजारच्या सरीत त्याच जागी काहीच नाही. हे असं का, ते लागण केलेल्या माणसाला लगेच कळेल. एका उसाची पाच-सहा टिपरी, म्हणजे लावायचे तुकडे, होतात. तोडणारा ऊस धरतो, खटाखट तोडतो, टिपरी एका ढिगात पडतात. बाया तो ढीग पाटीत भरतात आणि सरीत पुढं पुढं दाबत जातात. म्हणजे एका उसाची टिपरी बहुतेक वेळा एकाच सरीत, एकमेकांच्या शेजारी जातात. ऊस रोगी असला तर त्याची पाचही टिपरी रोगी, आणि रान उगवल्यावर ती ओळ तशीच दिसते. रोग ट्रेच्या रोपांतून आला असता तर ठिपके विखुरलेले दिसले असते, कारण रोपवाटिकेत एका उसाचे डोळे, म्हणजे कांड्यावर कोंब फुटतो त्या जागा, वेगवेगळ्या ट्रेत जातात, ट्रे वेगवेगळ्या रानांत जातात. शेजाऱ्याच्या रानातून किडीबरोबर आला असता तर एका बांधाला दाटी आणि आत जावं तसं विरळ, असा उतार दिसला असता.

तसा एक उतार होताही. विहिरीकडच्या बांधाजवळ तीस-पस्तीस ठिपके एकएकटे होते, ओळीत नव्हते. हा रोग रोगी बेटावरून निरोगी बेटावर नेण्याचं काम तुडतुडे करतात. रस शोषताना तो जीव त्यांच्या अंगात जातो आणि पुढच्या झाडात उतरतो. मागच्या वर्षीची पंधरा-वीस बेटं वर्षभर रानात उभी राहिली होती. ते एकएकटे ठिपके त्यांचंच देणं असावं, असं माझं मत झालं. पण मुख्य रोग टिपरीतून आला होता, यात शंका उरली नव्हती.

तात्यांनी कागद बराच वेळ बघितला. सहा ठिपक्यांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हंजे दाजींचं बेणं."

आपल्याकडं बेणं हा नात्याचा व्यवहार आहे, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. खत, औषध दुकानातून येतं, त्याची पावती असते, भांडता येतं. बेणं पाहुण्याकडून येतं. "आमच्यातला ऊस बघा, काय जोमाचा हाय, न्या की त्यातलंच" असं म्हणून दिलेलं बेणं नाकारता येत नाही, आणि त्यात दोष निघाला तर सांगताही येत नाही. त्यातून दाजींना सांगायचं म्हणजे तर फारच अवघड. दोन दिवस तात्या गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, जाऊन येऊ. त्यांच्यात बी असंल तर त्यांचं बी नुकसानच हाय की."

पलूसला मामांनी नेहमीसारखं स्वागत केलं. चहा झाला, मग तात्यांनी खिशातून तो कागद काढून पुढ्यात ठेवला. आरोपाचा एक शब्द नाही. मामांनी चष्मा लावून तो बघितला आणि आम्हाला घेऊन सरळ रानात गेले. ज्या फडातून बेणं दिलं होतं तिथं आता निडवा, म्हणजे खोडव्यानंतरचा पुन्हा फुटलेला ऊस, होता. त्यात पांढरी बेटं शोधावी लागली नाहीत.

मी विचारलं, "मामा, बेणं दिलं तेव्हा हे दिसत नव्हतं?"

"दिसत आसतं तर दिलं आसतं व्हय?" ते म्हणाले. ते खरंच होतं. अगदी पांढरं बेट कुणी बेण्याला तोडत नाही, त्यात तोडण्यासारखं काही नसतंच. घात होतो तो उशिरा किंवा हलका रोग लागलेल्या उसानं. तो उंच वाढतो, कांडी धरतो, लांबून निरोगी दिसतो. रोग आत असतो आणि पुढच्या लागणीत वर येतो. मात्र एक चूक झाली होती आणि ती मामांनी स्वतःच सांगितली. त्या वर्षी लागणीचा ऊस लवकर कारखान्याला गेला होता, म्हणून बेणं खोडव्यातलं दिलं होतं. खोडव्याचं बेणं वापरू नये असं सगळेच सांगतात, पण त्याचं कारण क्वचितच कुणी सांगतं. बुडख्यात शिरलेला रोग तोडणीनं जात नाही. वरचा ऊस जातो, बुडखा जमिनीत राहतो, आणि त्यातून फुटणारा प्रत्येक नवा कोंब रोग घेऊनच येतो. शिवाय वर्षभर तुडतुड्यांनी त्यात भर घातलेली असते. म्हणून लागणीत पंधरा-वीस दिसलेली बेटं खोडव्यात २८७ झाली, आणि मामांच्या निडव्यात त्याहून जास्त.

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायचं मनात नव्हतं: "मामा, ह्यातलं बेणं अजून कुणाकुणाला दिलं?"

मामांनी बोटं मोजली. तात्या धरून पाच घरं. दोन पलूस तालुक्यात, एक तासगावकडं, एक कऱ्हाडजवळ. दोन डोळ्यांची टिपरी एकरी दहा हजार लागतात, आणि एका एकराच्या चांगल्या बेण्यातून आठ-दहा एकर लागण होते. किडीनं जो रोग एका हंगामात बांध-दोन बांध सरकला असता, तो एका ट्रॉलीनं सकाळी निघून संध्याकाळपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात पोचला होता. तोही बेण्याला कार्बेन्डाझिमची अंघोळ घालून. शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम, दहा मिनिटं बुडवून, अगदी शिफारशीप्रमाणं तात्यांनी ती केली होती. त्या प्रक्रियेचा उपयोग आहे, पण तो बुरशीवर. कापलेल्या तोंडातून अननसासारखा वास येऊन टिपरं आतून कुजतं, तो अननस रोग त्यानं आटोक्यात राहतो. नळ्यांतल्या फायटोप्लाझ्माला ती अंघोळ लागतही नाही. त्याला उष्णता लागते: ५४ अंश सेल्सिअसच्या दमट गरम हवेत बेणं अडीच तास ठेवायचं, की रोग मरतो आणि डोळा जगतो. ही यंत्रणा घरी नसते. ती संशोधन केंद्रांकडं आणि काही कारखान्यांकडं असते, म्हणूनच मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांचा बेणेमळा ठरवलेला आहे. मूलभूत बेणं प्रक्रिया करून लावायचं, आणि पुढच्या दोन पायऱ्यांत डोळ्यांत तेल घालून रोगी बेटं काढत राहायचं. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यात, १९३२ पासून आहे. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ८६०३२ महाराष्ट्रात १९९६ मध्ये प्रसारित झाली. त्यानंतर कित्येक घरांत ती एकदा आली ती आलीच. नवीन बेणं पुन्हा आणलंच नाही, तीच ती टिपरी भावकीत आणि पाहुण्यांत फिरत राहिली. जात उतरली असं आपण म्हणतो. माझ्या मते बऱ्याच ठिकाणी जात उतरलेली नसते, बेण्यात रोग साठत गेलेला असतो.

सगळेच रोग असे येत नाहीत, हेही सांगायला हवं, नाहीतर प्रत्येक पिवळ्या पानाला बेणं जबाबदार धरलं जाईल. तांबेरा आणि पोक्का बोइंग पावसाळी दमट हवेत वाऱ्यावरून येतात; पोक्का बोइंगमध्ये पोंग्याची, म्हणजे शेंड्यातली कोवळी, पानं मुरगळतात, बुडाशी पांढरी पडतात, पण पाऊस उघडला की बहुतेक ऊस त्यातून निघतो. चाबूक काणी दोन्ही वाटांनी चालते. टिपरीतूनही येते, आणि शेंड्यातून निघालेल्या काळ्या चाबकावरचं चंदेरी पापुद्र्याचं आवरण फाटलं की कोट्यवधी बीजाणू वाऱ्यावर जाऊन उभ्या उसाच्या डोळ्यांत बसतात. तो डोळा पुढं बेण्याला गेला की चाबूक दुसऱ्याच्या रानात निघतो. म्हणून चाबूक काढताना आधी त्यावर पोतं किंवा पिशवी चढवायची, मग बेट मुळासकट खणायचं. नुसता मोडून खांद्यावर टाकून नेला, तर नेणाराच रोग पेरत जातो.

आणि एक वाट कोयत्याची. खोडव्याची वाढ खुंटवणारा एक जिवाणू आहे, तो कापलेल्या रसातून कोयत्याला लागतो आणि पुढच्या बेटाला मिळतो. वरून काहीच दिसत नाही, ऊस फक्त आखूड आणि बारीक होत जातो. आपल्याकडं कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडीही. त्यांना यात दोष नाही, त्यांना रान नेमून दिलेलं असतं. बेणं तोडायच्या वेळी तरी कोयता जंतुनाशकात बुडवून घेणं हे रान ज्याचं त्याचं काम आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात लोकरी मावा दिसला, तेव्हाचं तात्यांना चांगलं आठवतं. तो रोग नव्हे, कीड. पण वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, भाऱ्यांबरोबर ती कशी पसरते हे त्या वर्षी सगळ्यांनी बघितलं. वाढं हलवू नका असं सांगावं लागलं होतं. वैरणीला वाढं नको म्हणणं किती जड जातं, ते ज्यांच्या दावणीला चार म्हशी आहेत त्यांनाच माहीत.

परत आल्यावर खोडवा मोडायचा का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शंभरात सहा बेटं गेलेली, चौऱ्याण्णव चांगली. खोडवा ठेवायचं ठरलं, पण तीन अटींवर. सगळी पांढरी बेटं मुळासकट काढायची. दर पंधरा दिवसांनी सगळ्या सऱ्या फिरायच्या. आणि या रानातलं एकही टिपरं कुणाला बेण्याला द्यायचं नाही. तुडतुडे उडून शेजारी बसू नयेत म्हणून आदल्या दिवशी कीटकनाशकाची फवारणी घेतली. मग एप्रिलच्या उन्हात तीन दिवस घरच्याच माणसांनी कुदळीनं २८७ बेटं खणली. बुडखा तळापासून निघाला पाहिजे, नाहीतर आठवड्यात पांढरा कोंब पुन्हा वर येतो; पहिल्या दिवशीच्या अकरा जागी तसा आलाच, त्या पुन्हा खणल्या. बेटं बांधावर न टाकता खड्ड्यात पुरली.

रिकाम्या जागा भरायला तात्या त्याच रोपवाटिकेत गेले, जिला त्यांनी आधी दोष दिला होता. पहिलाच प्रश्न विचारला, बेणं कुठलं. त्या माणसानं बेणेमळ्याची पावती दाखवली. तात्यांनी ती वाचली, मला फोनवर वाचून दाखवली आणि मग रोपं घेतली.

पाच घरांतल्या बाकीच्या चौघांना मामांनीच फोन केले. "माझ्या बेण्यात दोष हाय, रान बघून घ्या" हे वाक्य चार वेळा बोलणं सोपं नाही. तासगावच्या पाहुण्यानं आधी ऐकून घेतलंच नाही, मग तिसऱ्या दिवशी फोटो पाठवला. फोटोत एकाच सरीत ओळीनं चार पांढरी बेटं होती. मामांनी निडवा मोडला, रान नांगरलं, आणि पूर्वहंगामी लागणीसाठी पाडेगावात बेण्याची नोंदणी करून आले.

तो कागद तात्यांनी पिशवीत घालून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला अडकवलाय. जूनच्या शेवटी मी गेलो तेव्हा त्यावर निळ्या पेनानं नऊ ठिपके वाढले होते. पावलं तात्यांनीच मोजली होती. एकही ओळीत नव्हता, सगळे एकएकटे आणि सगळे विहिरीच्या अंगाला. आठांभोवती गोल केला होता, म्हणजे ती बेटं निघाली होती. नववं दाखवायला ते मला सरीत घेऊन गेले. पानं अजून हिरवीच होती, फक्त बुडाला चार फुटवे जास्त बारीक आणि त्यातल्या एकाचं टोक पांढुरकं.

"हे तसंच हाय का, का मला उगंच वाटतंय?" त्यांनी विचारलं. मी वाकून पान उन्हाकडं धरलं. रेघा नव्हत्या.

"तसंच हाय," मी म्हटलं, आणि तात्या कुदळ आणायला वळले.